आमचे मासाळ हवालदार

माझी नोकरी तुरुंगात गेली असं सांगितलं, की सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत नवीन राहायला आलेली माणसं जरा मागं सरकतात. मग मी हसून म्हणते, "अहो, चावीच्या बाजूनं होते मी." तरी पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे पोलिसात का?"

पोलिसात नव्हे. खाकी सारखी दिसते, पण काम वेगळं. पोलीस पकडून आणतात, कोर्ट निकाल देतं, आणि मधल्या सगळ्या काळात त्या माणसाला आम्ही सांभाळतो. सांभाळणं हाच शब्द बरोबर आहे. त्याला पळू द्यायचं नाही, मरू द्यायचं नाही, दुसऱ्याला मारू द्यायचं नाही. सकाळी बराकी उघडून मोजायचं, संध्याकाळी मोजून बंद करायचं. आत असलेल्यांपैकी बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. त्यामुळं समोरचा माणूस खरा गुन्हेगार की नाही, हे आम्हाला ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नसतं. हे मला सुरुवातीला फार अवघड जायचं. ते ज्यांच्याकडून शिकले, त्यांच्याविषयी हे लिहिते आहे.

मासाळ हवालदार सांगोल्याकडच्या कोरड्या मुलखातले. घरी मेंढरं. वडिलांच्या मागं लहानपणी कळप घेऊन ते पार कर्नाटकात उतरलेले, त्यामुळं कानडी अस्खलित बोलायचे. अंगानं बारीक, आवाज घोगरा आणि चाल अगदी सावकाश. अंगणात चकरा मारताना वाटायचं, हे अजून कळपाच्या मागूनच चाललेत. मी शहरातली, पद्मशाली घरातली. घरी तेलुगू बोलायचे आणि वडील मागावर कापड विणायचे. रुजू झाले त्या दिवशी गेटवर मला बघून ते म्हणाले, "अक्का, भ्याला का?"

मी म्हटलं, "नाही."

"भ्या की जरा. न भ्यालेली मानसं हितं लई चुका करत्यात."

तेव्हापासून मी त्यांना भाऊ म्हणायला लागले आणि ते मला अक्का. वयानं ते मोठे, पण अक्का काही सुटलं नाही.

माझी ड्यूटी बायकांच्या बराकीत आणि मुलाकतीला. मुलाकत म्हणजे घरची माणसं भेटायला येतात ती वेळ. मध्ये जाळी, अलीकडं नातेवाईक, पलीकडं कैदी, आणि सगळे एकाच वेळी ओरडत असतात. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी, सगळं एकात एक. बाजारात भाव करावेत तसा कालवा. एक बाई दर आठवड्याला यायची ती फक्त नवऱ्याशी भांडायला. आल्यापासून जाईपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. तो बिचारा जाळीला धरून मान हलवत राहायचा. त्याला जामीन मिळाला त्या दिवशी ती गेटवर पेढे घेऊन आली आणि माझ्या हातावर एक ठेवून रडकुंडीला येऊन म्हणाली, "अब्बी घर में तो जवाब देता ना, बाई. यहाँ कित्ता चुप सुनता था!" मासाळभाऊ त्या पेढ्यावर आठवडाभर हसत होते.

घरचं खाणं आत जाऊ देत नाहीत. शेंगाचटणीचा डबा परत करताना आयांचे चेहरे बघवत नसत. मी नियम सांगत बसायचे. मासाळभाऊ नियम सांगायचे नाहीत. डबा हातात घ्यायचे, झाकण उघडून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "वास पोचिवतो तुमच्या पोराला, मावशी. चटनी घरी न्या." आणि खरंच आत जाऊन त्या पोराला सांगायचे, लसूण जास्त घातलाय तुझ्या आईनं म्हणून.

एकदा माझ्या बराकीत अक्कलकोटच्या पलीकडची एक म्हातारी आली. भावकीतल्या मारामारीत तिचंही नाव गोवलं होतं. आल्यापासून तिनं अन्नाला हात लावला नाही. डॉक्टर झाले, आमचे अधीक्षक साहेब झाले, मी तर पाया पडायची बाकी होते. ती नुसती कानडीत पुटपुटायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. शेवटी मी मासाळभाऊंना बोलावलं. पुरुषांना बायकांच्या बराकीत यायची मुभा नाही, म्हणून ते दाराबाहेर उकिडवे बसले आणि तिथूनच बोलायला लागले. आधी पाऊसपाण्याचं, मग गावच्या जत्रेचं. बऱ्याच वेळानं म्हातारी उठून दारापाशी आली, आणि एकदम ओक्साबोक्शी रडायला लागली.

भाऊ उठून म्हणाले, "अक्का, तिच्या शेळ्या बांधलेल्या हाईत. पोलीस आले तवा दाव्याला हुत्या. घरात कुनी न्हाय. त्या उपाशी असतील म्हून ही बी उपाशी."

साहेबांची परवानगी घेऊन त्यांनी त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. शेजारणीनं शेळ्या पहिल्याच दिवशी सोडून आपल्या गोठ्यात नेल्या होत्या. हे कळल्यावर म्हातारी दोन भाकरी खाऊन झोपली. इतके दिवस आम्ही सगळे तिला "का जेवत नाही" म्हणून विचारत होतो. घरी मागं कोण आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी आठवण श्रीपूरकडच्या एका मुकादमाची. ऊसतोडीच्या टोळीवरचा माणूस, हाडापेरानं दांडगा, हाणामारीत आत आलेला. त्याचे वडील वारले. अंत्यविधीला जायची परवानगी कोर्टातून यायला उशीर झाला आणि तोवर तिकडं सगळं आटोपलं. तो माणूस काही बोलेना. असल्या गप्प माणसाची आम्हाला जास्त धास्ती असते. मासाळभाऊंनी त्याला अंगणातल्या हौदापाशी नेलं, केस कापणाऱ्या कैद्याकडून त्याचं डोकं भादरून घेतलं आणि स्वतः त्याच्या डोक्यावर तांब्यानं पाणी ओतलं. बाकीचे कैदी काही न सांगता हळूहळू येऊन भोवती उभे राहिले. नंतर साहेबांनी विचारलं, "मासाळ, हे नियमात बसतं का?"

भाऊ म्हणाले, "बसत न्हाय साहेब. पर करू नये आसं बी कुटं लिवलेलं न्हाय."

साहेब चांगले होते. त्यांनी विषय वाढवला नाही.

आता त्या दिवसाचं सांगते.

अंगणाच्या कोपऱ्यात उंच पाण्याची टाकी होती. तिच्या कडेखाली आग्या मोहोळ लागलं होतं. इतक्या उंचावर, की ते आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो. उन्हाळ्याचे दिवस, सकाळची वेळ. बराकी उघडलेल्या होत्या आणि बरेच कैदी हौदावर कपडे धूत होते. मी आतल्या गेटपाशी होते, मुलाकतीची माणसं नुकती येऊन बसली होती. एक घार खाली झेपावली आणि मोहोळावर आदळून गेली. मध खायला आली असेल. मी ते आतल्या गेटच्या झडपेतून पाहिलं. आधी काही कळलंच नाही. मग टाकीवरून काळा धूर खाली उतरावा तशा माशा उतरल्या.

"माशा! पळा, माशा!" एकच ओरडा झाला. शिट्ट्या वाजल्या. मी मुलाकतीची खोली बंद केली आणि बायामाणसांच्या ओढण्या, टॉवेल घेऊन दाराच्या फटीत कोंबले. पुन्हा झडपेपाशी आले. शिपाई कैद्यांना ढकलत बराकीत घालत होते. मासाळभाऊ एका बराकीच्या दारात उभे राहून एकेकाला आत ओढत होते. शेवटचा आत गेला, त्यांनी दार ओढलं, आणि तेवढ्यात त्यांना हौदाकडं काहीतरी दिसलं.

तिथं इरप्पा पडला होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा, पन्नाशी उलटलेला माणूस. मशीनमध्ये सापडून एक पाय अधू झालेला. पळताना ओल्या फरशीवर घसरला होता आणि त्याला उठता येत नव्हतं. त्याच्यावर बायकोच्या खुनाचा आरोप होता. एकच मुलगी, सोलापुरातच दिलेली, पण ती कधी भेटायला आली नव्हती. आतही त्याच्याशी कुणी फारसं बोलत नसे.

भाऊ बराकीत गेले आणि दोन कांबळी घेऊन बाहेर आले. आतून लोक ओरडत होते, "मामा, जाऊ नका! मामा!" ते धावलेसुद्धा नाहीत, फक्त नेहमीपेक्षा भरभर चालले. एक कांबळं त्यांनी इरप्पावर टाकलं. दुसरं स्वतःवर घेतील असं मला वाटलं. पण वारा होता, पहिलं कांबळं उडायला लागलं होतं. त्यांनी दुसरंही त्याच्यावरच टाकलं आणि कडा दाबून धरायला स्वतः वर पालथे पडले.

त्यानंतर मला त्यांचा खाकी सदरा दिसेना. माशांनी काळा झाला होता.

स्वयंपाकघरातल्या लोकांनी ओली पोती पेटवून धूर केला. तोंडाला फडकी बांधून शिपाई आणि कैदी मिळूनच बाहेर गेले आणि दोघांना उचलून आणलं. इरप्पाला थोडेच डंख झाले होते. भाऊंचा चेहरा ओळखू येत नव्हता. अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना मी त्यांचा हात धरला होता. त्या हातानं मला धरलं नाही. दुपारी दवाखान्यातून फोन आला.

त्या संध्याकाळी बराकी बंद करताना मोजणी चालू होती, तेव्हा आवाज असा नव्हताच. एरवी त्या वेळी कोण शिव्या देतो, कोण गाणी म्हणतो. त्या दिवशी माणसं आपापल्या जागी जाऊन बसली. स्वयंपाक झाला होता, पण कुणी ताट घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी गावाला नेण्याआधी साहेबांनी भाऊंना आत आणलं आणि सगळ्या कैद्यांना रांगेनं दर्शन घेऊ दिलं. आम्ही सलामी दिली. ज्यांना आम्ही रोज मोजत होतो ती माणसं त्यांच्या पायाशी वाकत होती. इरप्पा रांगेत आला नाही. तो दूर भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्याकडं कुणीच बघत नव्हतं.

भाऊंची बायको हिरावैनी. गावात राहून मेंढरं आणि कोरडवाहू शेत बघणारी बाई. मातीला मी गेले होते. वैनी रडल्या, मग रडायच्या थांबल्या, आणि मला जवळ बोलावून म्हणाल्या, "अक्का, तुमी बघितलंसा न्हवं? कुनाला वाचवाय गेल्ते?"

"एका कैद्याला," मी म्हटलं.

"त्यानं काय केल्तं?"

भाऊंचा धाकटा भाऊ शेजारीच होता. त्याला हे आधीच कुणीतरी सांगितलेलं होतं. तो म्हणाला, "बायकू मारलीय त्यानं. असल्या मान्सापायी गेला आमचा दादा."

वैनींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "आरोप आहे. निकाल लागायचाय." आयुष्यभर हे वाक्य मी म्हणत आले होते, पण त्या दिवशी ते फार पोकळ वाटलं.

मग वैनी दिराला म्हणाल्या, "त्येंनी त्याचं नाव-गाव इचारून कांबळं टाकलं न्हवतं, भावजी." आणि मला म्हणाल्या, "मला त्याला भेटायचं हाय."

कैद्याला भेटायचं तर नात्याचं किंवा ओळखीचं माणूस लागतं. साहेबांना परवानगी द्यावी की नाही कळेना. बाई त्याला शिव्या देईल, काही करून बसेल, अशी भीती त्यांना होती. मला म्हणाले, "तुम्ही जबाबदारी घेता?" मी घेतली. जाळीतून नको, असं वैनींनी आधीच सांगितलं होतं, म्हणून साहेबांच्या ऑफिसात भेट ठरली. साहेब, तुरुंगाधिकारी आणि मी, एवढेच हजर.

वैनी नऊवारी नेसून, पदर घट्ट घेऊन खुर्चीवर बसल्या. इरप्पाला आणलं. तो दारातच थांबला.

"ये, बस," वैनी म्हणाल्या.

तो खुर्चीवर बसला नाही, फरशीवर बसला.

"नाव काय तुजं?"

"इरप्पा, बाई."

"पायाला काय झालंय?"

"मशिनीत गावला. टावेलाच्या."

"बायकूला मारलंस म्हंत्यात. खरं हाय?"

तुरुंगाधिकारी पुढं झाले. "बाई, केस चालू आहे. त्यावर काही विचारू नका."

"ऱ्हाऊ द्या," वैनी म्हणाल्या. "मी त्यासाठी आले बी न्हाय. इरप्पा, तू त्येंच्या खाली हुतास. शेवटाला काय बोल्ले त्ये मला सांग. दुसऱ्या कुनाला ठाव न्हाय."

इरप्पा फरशीकडं बघत सांगायला लागला. त्याची मराठी मोडकी, मध्ये मध्ये कानडी.

"मी उठाय बघत हुतो, बाई. लई भ्यालो हुतो. मामांनी वरनं दाबून धरलं. कांबळ्यावरनं कानाला तोंड लावून म्हनत हुते, सुम्न इरु, सुम्न इरु. गप ऱ्हा, हलू नगं. येकसारखं त्येच. मग आवाज बारीक झाला. मग आवाज न्हाय. नुसता हात हुता पाठीवर, थापटत हुता. मग हात बी थांबला."

वैनींचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. त्या आमच्याकडं वळून म्हणाल्या, "मेंढी अडली की ह्ये तिच्याशी असंच कानडीत बोलायचे. आपली भाशा तिला कळत न्हाय म्हनायचे. पाठीवर थापटत बसायचे, पिल्लू भाईर येईस्तवर."

त्या उठल्या. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. दारापर्यंत गेल्या, तेवढ्यात मागून इरप्पा म्हणाला, "बाई, खरं हाय. मारली मी तिला."

तुरुंगाधिकारी ओरडले, "इरप्पा, गप्प बस!" साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

वैनी पाठमोऱ्याच उभ्या होत्या. मला वाटलं, आता काय होतंय. त्या हळूच वळल्या आणि विचारलं, "नाव काय हुतं तिचं?"

"नीलव्वा."

"नीलव्वा," वैनी म्हणाल्या. पदर सावरून बाहेर आल्या. गेटपर्यंत मी त्यांच्या बरोबर चालत होते. त्यांचा हात माझ्या हातात होता.

इरप्पानं पुढं कोर्टातही तेच सांगितलं. वकील कपाळाला हात लावून बसला म्हणे, कारण साक्षीदार फिरले होते आणि तो सुटायची शक्यता होती. त्याला जन्मठेप झाली. मी ही बातमी वैनींना फोनवर सांगितली. त्या म्हणाल्या, "सुटला आसता तर मला काय वाटलं आसतं, ठाव न्हाय अक्का. आता बरं वाटतंय का, त्ये बी ठाव न्हाय. नीलव्वाच्या लेकीला कळलं का?"

कळलं होतं. इरप्पाला मोठ्या कारागृहात हलवायच्या आधी एक तिशीतली बाई मुलाकतीच्या खोलीत आली. ओळखपत्र दाखवलं, नात्याच्या जागी "मुलगी" म्हणाली. पलीकडं इरप्पाला आणून उभं केलं. सगळी खोली कलकलत होती आणि हे दोघं जाळीच्या दोन बाजूंना गप्प. मी दुसरीकडं बघत होते, पण कान तिथंच होता. ती शेवटी म्हणाली, "आईचं खरं सांगितलंस म्हून आले. माफ कराय न्हाय आले."

इरप्पानं मान हलवली.

मग तिनं विचारलं, "जेवतूस का?"

त्यानं पुन्हा मान हलवली. वेळ संपल्याची घंटा झाली तरी ती जाळीला धरून उभी होती. मी तिला लगेच हटवलं नाही.

बाहेर आल्यावर ती माझ्याजवळ घुटमळली. म्हणाली, "ते मामा, जे गेले, त्यांचा फोटू हाय का हितं?"

गेटजवळच्या ऑफिसात आम्ही भाऊंचा फोटो लावला होता. ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला, दुसरा त्यांच्या घरातही नव्हता. टोपी जरा तिरकी बसलेली, आणि कॅमेऱ्याला बुजल्यासारखी नजर. मी तिला आत नेलं. तिनं दारात चपला काढल्या. फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. काहीतरी मोठं, भारदस्त बघायला मिळेल असं तिला वाटलं असावं.

"साधंच मानूस दिसतंय की," ती म्हणाली.

"होय," मी म्हटलं. "साधेच होते."

तिनं हात जोडले, डोळे पुसले, आणि जाताना मला विचारलं, "ते कसे बोलायचे, सांगता का जरा?"

पुढची मुलाकत सुरू व्हायला अजून अवकाश होता. मी तिला बाकावर बसवलं आणि शेळ्या बांधून आलेल्या त्या म्हातारीपासून सांगायला सुरुवात केली.